जुन्या पेपरातल्या औषधांच्या जाहिराती आणि "गुण आला"ची पत्रं कशी वाचायची

आमच्या देवगडकडच्या घरात माळ्यावर आजीची पत्र्याची ट्रंक आहे. मागच्या मे महिन्यात तिच्या तळाला घातलेला पेपर मी पहिल्यांदा नीट बाहेर काढला, आणि त्यात एका तापाच्या औषधाच्या जाहिरातीभोवती पेन्सिलीने गोल केलेला दिसला. आजीचा पहिला मुलगा, म्हणजे माझे सगळ्यात थोरले काका जे मी कधी पाहिलेच नाहीत, तो तापाने गेला हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि मुंबईहून बाटली मागवली होती हेही. आजी एवढंच म्हणायची, "बाटली संपली, पण ताप काय गेलो नाय." त्या दिवसापासून मी अशा जाहिराती जमवते, नोंदवते, आणि बऱ्याच जणांना वाटतं तसा हा नुसता गमतीचा विषय नाहीये. नीट वाचल्या तर आपल्या आजी-पणजीला कशाची भीती वाटत होती आणि डॉक्टर किती लांब होता हे त्यातून कळतं. मी कशा वाचते ते सांगते, तुमच्या घरी माळ्यावर गठ्ठा असेल तर उपयोग होईल.

आधी कागदाचं बघा. कोकणात कागद उघडायचा तर पौष ते वैशाख, पावसाळ्यात अजिबात नको, आषाढात हवाच इतकी ओली असते की घडी उघडताना कागद लगद्यासारखा सुटतो. तुमचा पेपर जितका जुना तितका नाजूक असं नसतं, १८६० चा चिंध्यांच्या लगद्याचा कागद १९३५ च्या पेपरपेक्षा पांढरा आणि मजबूत निघू शकतो, कारण नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला आणि त्यातल्या आम्लाने तो पिवळा पडून बिस्किटासारखा तुटतो. घडी जोराने उलगडू नका. इस्त्री नको, सेलोटेप तर नकोच, लॅमिनेशन म्हणजे कायमचा सत्यानाश. खिडकीजवळ, ऊन थेट न पडता, वर साधी काच ठेवून फोटो काढा, आणि दोन्ही बाजूंचे काढा. मागची बाजू सगळे विसरतात. कसर लागलेली असेल तर पान मऊ ब्रशने झटका आणि वेगळं ठेवा, डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कागदाला लागू देऊ नका.

घरात नसेल तर वाचनालयात जा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर १८६४ चं, आणि चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, म्हणून जे शिल्लक आहे त्याचा फोटो आजच काढायचा, पुढच्या वर्षी नाही. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र दर्पण, ६ जानेवारी १८३२ ला काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्या पोंभुर्ल्याचे. ज्या मुलखातून वर्तमानपत्र सुरू करणारा माणूस आला तिथल्या घरांत पेपर उंदरांना जावेत हे मला सहन होत नाही.

तारीख काढायची पद्धत. पेपरचं डोकं फाटलेलं असेल तर तिथी शोधा. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, शके १८४० चा चैत्र म्हणजे १९१८, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९ मिळवायचे, इथे खूप जण चुकतात. वर्ष नसेल आणि तिथी, इंग्रजी तारीख आणि वार तिन्ही असतील तर काम होतं, कारण तीच तिथी त्याच तारखेच्या आसपास साधारण १९ वर्षांनी परत येते आणि वार जुळवला की एखादंच वर्ष उरतं. जुनी पंचांगं यासाठी लागतात. किमतीसुद्धा मदत करतात, आणे-पै असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं धरून चालायला हरकत नाही (लोक नंतरही बरीच वर्षं आण्यात बोलत होते, पण छापील किमती हळूहळू बदलल्या). शब्दांवर अनुस्वारांचा पाऊस असेल, "केलें", "नाहीं", "औषधांनीं", तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची सवय. स्कॅन केलेल्या पेपरात शोधतानाही हे लक्षात ठेवा, "औषधे" टाकून काही सापडणार नाही, "औषधें" टाकून सापडेल, आणि तरी शेवटी डोळ्यांनीच पानं चाळावी लागतील.

आता "पेटंट" म्हणजे काय, कारण सगळा घोळ इथून सुरू होतो. आपल्याला वाटतं सरकारने तपासून शिक्का मारलाय. खरं उलटं आहे. खऱ्या पेटंटसाठी आत काय आहे ते उघड करावं लागतं, आणि या मंडळींचा सगळा धंदाच गुप्ततेवर होता, म्हणून पेटंट घेतच नसत, नाव आणि लेबल तेवढं नोंदवायचे. "रजिस्टर्ड" लिहिलेलं दिसलं की नावाची नोंद समजा, गुणाची नाही. इंग्लंडात १७८३ ते १९४१ अशा औषधांवर सरकारी कराचं तिकीट चिकटवत, आणि लोक त्या तिकिटालाच सरकारची हमी समजायचे. आपल्याकडे वैद्यकीच्या धंद्यात आजही "शास्त्रोक्त" आणि "पेटंट" असे दोन शब्द वापरतात, तो फरक जाहिरात वाचताना फार कामाचा आहे. च्यवनप्राश, द्राक्षासव यांची कृती ग्रंथात आहे, कुणीही बघावी, पनवेलला १८७२ पासून धूतपापेश्वरसारखा कारखाना असली औषधं बनवतोय. पण ज्या औषधाचं फक्त भारदस्त नाव आहे आणि आत काय ते कुठेच नाही, ते पेटंट. जाहिरात हातात आली की पहिला प्रश्न हाच, आत काय आहे ते लिहिलंय का?

आता पत्रं. जाहिरातीत खाली बारीक टाइपात छापलेली असतात, वर "प्रशंसापत्रें" किंवा "अनुभव पाहा" असं काहीतरी. एक नमुना देते, तो कुठल्या खऱ्या जाहिरातीतला नाही, साचा कळावा म्हणून मीच जुळवलाय:

"वि. वि. आपणांकडील गोळ्यांची डबी व्ही. पी. नें पोंहोचली. माझे कुटुंबास तीन वर्षें ताप व अशक्तता होती. बहुत उपाय केले परंतु गुण आला नाहीं. आपल्या गोळ्यांनीं आठ दिवसांत पूर्ण आराम पडला. कृपा करून आणखी तीन डब्या पाठवाव्या. एक शिक्षक, ता. देवगड."

एकेक शब्द घ्या. "वि. वि." म्हणजे विनंती विशेष, पत्राचा जुना मायना. "व्ही. पी." म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन सोडवायचं पार्सल. "कुटुंब" म्हणजे सगळं घर नव्हे, बायको! नवीन वाचणारे इथे हमखास फसतात आणि लिहितात की अख्ख्या घराला ताप होता. मग विचारा, आजारी कोण आणि लिहितंय कोण. आजारी बाई, सही पुरुषाची. तिला खरंच बरं वाटलं का हे तिच्या तोंडून कुठेच येत नाही, बाळंतरोगाच्या, पांडुरोगाच्या, अशक्ततेच्या शंभर पत्रांत बायकांची सही मोजायला बसा, मी मोजते आणि दरवेळी पोटात कालवतं.

पुढे "ताप". कसला? कोकणातला ताप म्हणजे बहुतेक हिवताप, तो एक दिवसाआड येतो, काही फेऱ्यांनी आपोआप थांबतो, आणि महिन्यांनी परत येतो. माणूस औषध कधी मागवणार? अगदी असह्य झाल्यावर. पार्सल येईपर्यंत आठ-पंधरा दिवस. म्हणजे गोळी पोटात जायच्या वेळी ताप उतरणीलाच लागलेला असायचा, आणि श्रेय गोळीला. पत्र लिहिणारा खोटं बोलत नव्हता हे लक्षात घ्या. त्याने जे पाहिलं ते लिहिलं. सगळी पत्रं कंपनीने बसून रचली असं म्हणणं सोपं आहे पण ते बरोबर नाही, काही रचली असतील, पण कितीतरी खरी होती, आणि ज्यांना गुण आला नाही ते पत्र लिहीत नव्हते, लिहिलं तरी छापलं कुणी नसतं. छापलेली पत्रं वाचताना न छापलेली डोळ्यासमोर ठेवायची, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची सवय हीच.

"आठ दिवसांत पूर्ण आराम" आणि लगेच "आणखी तीन डब्या". पूर्ण बरी झाली तर तीन डब्या कशाला? एक तर ताप परत आला, नाहीतर आत असं काही होतं की ज्याची सवय लागते, नाहीतर शेजारच्यांनी सांगितलं. तिन्ही शक्य आहेत, तुमच्या वहीत तिन्ही लिहा, एकच पकडून बसू नका.

"एक शिक्षक, ता. देवगड." शिक्षक, तलाठी, पोस्टमास्तर, देवस्थानचे पुजारी, हेच परत परत दिसतील. गावात लिहिता येणारे तेच, आणि शब्दाला वजन असलेलेही तेच, म्हणजे हा योगायोगही आहे आणि निवडही. नाव पूर्ण, गाव पूर्ण आणि तारीखही असेल तर ते पत्र तपासण्यासारखं, नुसता तालुका असेल तर नाही. आणि गाव खरंच त्या तालुक्यात होतं का ते बघा.

मग तीच जाहिरात वर्षभराच्या अंकांत शोधा. हे काम कंटाळवाणं आहे पण करा. तेच पत्र तीन वर्षं जसंच्या तसं "नुकतेंच आलेलें" म्हणून येतं का, मजकूर तोच आणि गाव बदलतं का, एकाच औषधावर आधी फक्त ताप होता आणि पुढच्या वर्षी मूळव्याध, नायटा, संग्रहणी, धातुविकार असं शेपूट वाढत गेलं का. ऋतूही दिसतो. श्रावण-भाद्रपदात ताप, थंडीत पौष्टिक पाक, आणि साथ आली की सगळेच साथीवर. मुंबईत सप्टेंबर १८९६ ला प्लेग आला, १९१८ ला इन्फ्लुएंझा, या दोन वर्षांच्या आधीचे आणि नंतरचे अंक शेजारी ठेवून बघा, कालपर्यंत अपचनावर असलेली बाटली आज कशावर आहे ते. १९०५ नंतर "स्वदेशी" शब्द कुठे-कुठे चिकटला तेही टिपा.

पैशाचा हिशोब रुपयात नको, त्याच काळातल्या वस्तूंत करा. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. पोस्टकार्ड १८७९ ला सुरू झालं ते एका पैशाला. म्हणजे एक रुपयाची बाटली ६४ पोस्टकार्डांएवढी. मुंबईला गिरणीत असलेला माणूस मनीऑर्डर पाठवणार, त्यातून ही बाटली, आणि "ट. ख. निराळा" म्हणजे टपालखर्च वेगळा. बंगालात १८९२ पासून सरकारी क्विनाइनच्या पुड्या पोस्टात पैशाला एक मिळत होत्या, तुलना करून बघा. व्ही. पी. ची सोय १८७७ ची, आणि ही सगळी बाटल्यांची दुनिया तिच्यामुळे खेड्यापर्यंत पोचली, कारण दुकान लागत नाही, आधी पैसे पाठवायचे नाहीत, पोस्टमनच्या हातात पैसे द्यायचे आणि पार्सल घ्यायचं, आणि लाजेची दुखणी असतील तर गावात कुणाला कळतही नाही.

आत काय होतं? परदेशी औषधांचं बरंच ठाऊक आहे. इंग्लंडच्या डॉक्टरांच्या संघटनेने, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने, १९०९ ला अशा गुप्त औषधांची रासायनिक तपासणी छापली. बीचम्सच्या गोळ्यांत निघाला कोरफडीचा वाळवलेला रस म्हणजे आपला काळा बोळ, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांचा माल अर्ध्या फार्दिंगचा, डबी विकायची १ शिलिंग दीड पेनीला, म्हणजे शंभरपटीहून जास्त (फार्दिंग म्हणजे पाव पेनी, शिलिंग म्हणजे १२ पेनी). होलोवेच्या गोळ्याही त्याच वळणाच्या, आणि त्यांच्या जाहिराती हिंदुस्थानातल्या पेपरांतही येत. कॉलिस ब्राउनच्या क्लोरोडाइनमध्ये अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. ते पटकीवर (कॉलऱ्यावर), हगवणीवर, खोकल्यावर चालायचं आणि घेणाऱ्याला खरंच बरं वाटायचं, कारण अफूने हगवण थांबते, खोकला थांबतो, वेदना थांबते. रोग थांबतोच असं नाही. वुडवर्डचं ग्राइप वॉटर, १८५१ चं, त्यात बाळंतशोपेचं तेल आणि सोडा होता तसं मद्यार्कही होतं. अमेरिकेतल्या मिसेस विन्स्लो सिरपमध्ये तर मॉर्फीन, आणि ते दात येणाऱ्या बाळांना द्यायचं म्हणून विकत. म्हणून "बाळ लगेच शांत झोपलें" असं पत्र वाचलं की मी तिथे लाल खूण करते.

अमेरिकेतली तीन उदाहरणं माहीत असू द्या, आपल्या जाहिराती वाचायला नजर येते. लिडिया पिंकहॅम नावाच्या बाईंच्या बायकांच्या औषधाची जाहिरात सांगायची, मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा, त्या बाईमाणूस म्हणून तुम्हाला सल्ला देतील. बाई १८८३ ला वारलेल्या. १९०५ ला एका मासिकाने त्यांच्या थडग्याचा फोटोच छापला. दुसरं, रुग्णांची खाजगी पत्रं गठ्ठ्याने दलालांना विकली जात, आणि दलाल ती दुसऱ्या औषधवाल्यांना देत, म्हणजे एका बाईने विश्वासाने लिहिलेलं दुखणं बाजारात फिरायचं. तिसरं, औषधवाले पेपरांशी जो करार करत त्यात कलम असायचं की त्या राज्यात औषधांविरुद्ध कायदा झाला तर जाहिरातीचा करार रद्द. मग संपादक कायद्याच्या बाजूने लिहिणार कसा? हे १९०५ ला उघड झालं आणि १९०६ ला तिकडे कायदा आला. आपल्या पेपरात बघताना म्हणून हेही मोजा, अंकात जाहिरातीचे कॉलम किती आणि त्यातले औषधांचे किती. औषधाचा पैसा आणि पेपर यांचं नातं नेहमी वाईटच असतं असं मात्र नाही, अमृतांजन मुंबईत १८९३ ला काढणाऱ्या काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १९०८ ला मुंबईतच आंध्र पत्रिका सुरू केली. गांधीजींनी दुसरं टोक धरलं, यंग इंडिया आणि नवजीवनमध्ये जाहिरातीच घेतल्या नाहीत.

बातमीसारखी दिसणारी जाहिरात वेगळी ओळखायला शिका. मथळा बातमीचा, सुरुवात एखाद्या गावातल्या अशक्त मुलीची, आणि शेवटच्या ओळीत औषधाचं नाव. डॉ. विल्यम्सच्या गुलाबी गोळ्या जगभर अशाच विकल्या गेल्या. त्यांत लोह होतं, म्हणजे रक्त कमी असलेल्या एखादीला खरा गुण आलाही असेल, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं.

आपल्याकडे १९३०-३१ ला चोप्रा समितीने औषधांच्या बाजाराची चौकशी केली, १९४० ला औषधांचा कायदा आला आणि १९५४ ला आक्षेपार्ह जाहिरातींचा, त्याच्या परिशिष्टात ५४ दुखणी आहेत, मधुमेह, कर्करोग, कुष्ठरोग, अपस्मार, बहिरेपणा वगैरे, ज्यांवर उपायाची जाहिरात करायची नाही. १९५० चा आणि १९६० चा अंक शेजारी ठेवले की भाषा कशी बदलली ते स्वतः बघा, "हमखास बरा" जाऊन काय आलं.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. जुनी बाटली सापडली, आत तळाला काही असेल, तर हुंगू नका, चाखू नका, मुलांच्या हाती देऊ नका, आणि जाहिरातीतलं प्रमाण बघून घरी करायला जाऊ नका, पारा, सोमल (आर्सेनिक), अफू काहीही असू शकतं. आणि कात्रण व्हॉट्सॲपवर टाकताना रुग्णाचं नाव-गाव झाका, विशेषतः गुप्तरोगाचं, वेड लागल्याचं, मूल होत नसल्याचं असेल तर. ऐंशी वर्षं झाली तरी नातवंडं त्याच गावात राहतात, आणि आपल्याकडे गाव विसरत नाही.

नोंदवहीला रकाने मी असे पाडते: पेपर, तारीख, पान, कॉलम, औषध, कशावर, किंमत, पत्रं किती, सह्या कुणाच्या, आणि शेवटी शेरा.

आजीच्या ट्रंकेतल्या पानाचं डोकं फाटलेलं होतं. मागच्या बाजूला आगबोटीची सूचना निघाली, पावसाळ्यामुळे हर्णै, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण या बंदरांची बोट बंद होणार म्हणून, आणि खाली ज्येष्ठ शुद्धातली तिथी. म्हणजे बाटली शेवटच्या बोटीने आली असेल, नाहीतर घाटावरून पावसात टपालाबरोबर. आजी सांगायची, काका आषाढात गेले. वर्ष अजून जुळवते आहे, पंचांगात दोन वर्षं उरलीत. वहीत लिहून ठेवलंय: पान शेवटचं, कॉलम दुसरा, तापावरचं औषध, किंमत एक रुपया, ट. ख. निराळा, पत्रं चार, चारही सह्या पुरुषांच्या. शेरा: गुण आला नाही.